पहिल्या तीन महिन्यांचे ताट



या मांडवात मी यापूर्वी हमालीच्या दरावर बोललो आहे, ऊसतोड्यांच्या उचलीवर बोललो आहे आणि एकदा मुंबईच्या गिरणी-संपांवरही बोललो आहे. यंदाचा विषय कळल्यावर चालकांपैकी एका स्नेह्यांनी विचारले, “हा विषय तुमचा की सुईणीचा?” प्रश्न रास्त होता. मी पोती वाहून वाढलेला माणूस. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे जे काय वाचन झाले ते बाजारातल्या ओट्यावर, एक गाडी खाली करून दुसरी येईपर्यंतच्या वेळात झाले. वैद्यकाचा अधिकार मला नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर आपल्या पुसेगावातून ऊसतोडीची एक टोळी निघाली होती. मालमोटारीत भांडीकुंडी, खोपीचे बांबू, शेळ्या, पोरे असे सगळे चढत होते आणि मी मुकादमाशी उचलीच्या हिशेबावरून वाद घालीत उभा होतो. तेवढ्यात एकोणीस-वीस वर्षांची एक सून सासूच्या आडून पुढे आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही लई वाचता म्हणत्यात. तिकडं फडावर मी काय खायाचं आन् काय नाही, ते सांगा.” सासूने तिला डोळ्यांनी दटावले आणि हलक्या आवाजात मला सांगितले, “दीड महिना झालाय. कुणाला बोलू नका, भाऊ.” पोरीला आतापर्यंत मिळालेला उपदेश तिने मला म्हणून दाखवला. पपई नको, तीळ नको, गूळ नको, वांगे नको, चहा नको, अननस नको. अननस पुसेगावच्या बाजारात कितीसा दिसतो, हे आपण जाणताच. उरले काय, तर भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्याचीही तिला उलटी होत होती. मी म्हणालो, डॉक्टरांना विचार. मालमोटार निघून गेली. मजुराच्या प्रश्नाला ‘दुसऱ्याला विचार’ म्हणणारा पुढारी मला कधी आवडला नाही, आणि त्या दिवशी मी तेच केले. मग हिवाळाभर या एकाच गोष्टीमागे लागलो. जे सापडले ते आज आपल्यापुढे मांडतो.

ही काळजी फार जुनी आहे, हे पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने महिन्यामहिन्याला काय घ्यावे याची योजना दिलेली आहे. पहिल्या महिन्यात, गर्भ राहिल्याची नुसती शंका आली तरी, साधे दूध. दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध. तिसऱ्यात दूध, मध आणि तूप. गर्भिणीला काठोकाठ तेल भरलेल्या भांड्याप्रमाणे जपावे, असा दाखला तेथे आहे. नित्य मद्य पिणाऱ्या आईचे मूल विसराळू आणि अस्थिर मनाचे होते, असेही त्या ग्रंथात म्हटले आहे. पाश्चात्य वैद्यकाने दारूमुळे गर्भाला होणाऱ्या विकाराचे रीतसर वर्णन फ्रान्समध्ये १९६८ साली आणि अमेरिकेत १९७३ साली केले, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांच्या नजरेचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

सुश्रुताने चौथ्या महिन्यातल्या बाईला दोन हृदयांची म्हटले. एक तिचे, एक पोटातल्याचे. म्हणून तिची इच्छा ही दोघांची इच्छा, आणि ती मारू नये. आपण डोहाळे म्हणतो तो शब्द याच कल्पनेच्या घराण्यातला. कालिदासाच्या रघुवंशात तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणा माती खाते आणि राजा दिलीप तिच्या मुखाचा मृद्गंध घेतो. हा प्रसंग पंडितांना शृंगाराचा वाटतो. मला त्यात आपल्या वस्तीतल्या बायका दिसतात. चुलीची भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल, राख खाणाऱ्या कितीतरी पोटुशी बाया मी पाहिल्या आहेत. रक्तातले लोह कमी झाले की अशी वासना पुष्कळदा होते, असे आजचे डॉक्टर सांगतात. राणीच्या महालातही लोह कमी पडत होते की काय, कोण जाणे!

चरकाच्या योजनेत मला एकच गोष्ट खटकली आणि एक फार पटली. खटकली ती ही, की दूध, तूप आणि मध हे ज्याच्या दावणीला गाय आहे त्याच्या घरचे पथ्य आहे. पटली ती ही, की ग्रंथकाराने सुरुवात पहिल्या महिन्यापासून केली. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे सगळा इतिहास तिच्याभोवती फिरणार आहे.

कारण लोकरीत नेमकी याच्या उलट झाली. आपल्याकडे डोहाळजेवण होते सातव्या महिन्यात. तेव्हा पाट, रांगोळी, फुलांच्या वाड्या, गोडाधोडाचे ताट. सुरुवातीच्या महिन्यांत भरायची ती चोरओटी. नावच बघा, चोरओटी! पहिले महिने गुपचूप काढायचे, कारण गर्भ टिकतो की नाही याची खात्री नसते आणि नजर लागण्याचे भय असते. भय खोटे नव्हते. पहिल्या तीन महिन्यांतच सर्वांत जास्त गर्भ पडतात. परंतु गुपिताचा एक परिणाम असा होतो की जे पोट कोणाला दिसत नाही त्याला कोणी जास्तीचे वाढत नाही. पाण्याचा हंडा तोच राहतो, डोक्यावरची मोळीही तीच राहते. ताटात भर पडत नाही; भर पडते ती मनाईच्या यादीत. मनाईला पैसा लागत नाही, म्हणून गरिबाच्या घरी ती मुबलक असते.

यादीतल्या पपईबद्दल थोडे सांगतो, कारण आपण सर्व भगिनी तेच विचारणार. पपई हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज समुद्रमार्गाने आले त्यानंतर ते आपल्याकडे रुजले. म्हणजे चरक-सुश्रुतांनी पपई पाहिलीही नव्हती, आणि ‘शास्त्रात सांगितले आहे’ हे पपईपुरते तरी खरे नाही. पण म्हाताऱ्या बायका अगदीच चुकल्या असेही नाही. सिंगापूरच्या विद्यापीठात याची उंदरांवर परीक्षा झाली आणि २००२ साली ती छापली गेली. पिकलेल्या पपईने उंदरिणींना काही झाले नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशय आकसला. तेव्हा कच्ची पपई टाळावी, पिकलेल्या फोडीने घर बुडत नाही.

आता मुंबईला चलू. या विषयाचे खरे प्रकरण तेथे घडले, आणि ते आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या बायकांवर घडले, हे फार थोड्यांना माहीत आहे.

१९२८ हे साल कामगार चळवळीत सहा महिन्यांच्या गिरणी-संपाचे म्हणून प्रसिद्ध आहे. एप्रिलमध्ये सुरू झालेला तो संप ऑक्टोबरात मिटला; दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या काळी गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता, मुख्यतः रीळ आणि वाइंडिंग खात्यांत. त्याच वर्षी ल्यूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. त्यांचा जन्म १८८८ सालचा. शिक्षण केंब्रिजला आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक शाळेत झालेले. मुंबईत गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडतात, धापा टाकतात आणि बाळंतपणाच्या आगेमागे मरतात, याची चौकशी करण्यासाठी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना बोलावून घेतले होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले.

हा पांडुरोग साधा नव्हता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या दिसत. जंतू असावा अशी शंका होती, तो सापडेना. तेव्हा विल्सबाईंनी जे केले त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. त्या बायकांच्या चुलीपर्यंत गेल्या. कोणत्या थरातली बाई काय खाते, याची त्यांनी नोंद केली, आणि ज्यांचे खाणे सर्वांत निकृष्ट त्या गरीब मुसलमान बायकांत हा रोग सर्वांत जास्त आहे असे त्यांना दिसले. मग त्यांनी तेच खाणे पिंजऱ्यातल्या गाभण उंदरिणींना घातले. उंदरिणी पांढऱ्या पडल्या. यीस्ट म्हणजे पाव फुगवण्याचे किण्व. त्याचा अर्क दिला तेव्हा त्या वाचल्या. पुढे उंदरांच्या अंगावरच्या उवांतून येणाऱ्या एका रोगाने हा हिशेब गढूळ केला, तेव्हा त्यांनी माकडांवर परीक्षा केली. मुंबईच्या बायांसारखे अन्न खाऊन माकडे आजारी झाली आणि त्याच अर्काने बरी झाली.

हा अर्क म्हणजे मार्माइट. इंग्लंडात बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून तो करतात आणि तेथले सामान्य लोक पावाला लावून खातात. पांडुरोगावर १९२६ पासून यकृताचा उपाय नावाजला होता, पण यकृताचा अर्क महाग. मार्माइट स्वस्त. १९३१ साली विल्सबाईंनी आपला निबंध प्रसिद्ध केला. अर्कात नेमके काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते; म्हणून त्या अज्ञात द्रव्याला पुढे बरीच वर्षे ‘विल्सचा घटक’ असे म्हणत.

ज्या बायकांच्या रक्तावर हे ज्ञान उभे राहिले त्यांची नावे मी शोधली. मला मिळाली नाहीत. निबंधात रोग्यांची नावे नसतात, हे रीतीला धरून आहे. तरी चुटपुट लागते.

त्याच वर्षी त्याच शहरात दुसरी एक गोष्ट चालली होती. मुंबई कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचे विधेयक आले होते. त्यापूर्वी ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या मध्यवर्ती सभेत असे विधेयक आणले होते, ते पडले. मुंबईत २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, तेव्हा भार सरकारनेही उचलावा आणि ज्या मालकाला तिच्या श्रमाचा लाभ होतो त्यानेही उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. दिवसाला आठ आणे भत्ता ठरला. आपले पुसेगाव तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. तो कायदा येथवर पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

हा आपल्या चळवळीचा मोठा विजय होता, आणि मी त्यात उणे काढतो तेव्हा कृतघ्नपणाने काढीत नाही. पण कायद्याने पाहिले ते शेवटचे आठवडे. १९६१ च्या देशव्यापी कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, त्यांतले जास्तीत जास्त सहा प्रसूतीपूर्वी. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली, त्यांतले आठ आधी. गर्भ पडला तर सहा आठवडे रजा आहे. दुखणे आले तर महिनाभर जास्तीची आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाई धडधाकट असेल, नुसती ओकत असेल, तर कायदा तिला ओळखत नाही. डोहाळजेवणासारखाच तो सातव्या महिन्यानंतर जागा होतो. आणि ऊसतोडीची बाई तर त्या कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच उभी आहे, कारण नवराबायको मिळून तिथे एक कोयता धरतात. बाई वेगळी अशी मोजलीच जात नाही.

आता विल्सबाईंच्या घटकाकडे परत येतो. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले गेले आणि पानावरूनच त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. ते शुद्ध रूपात बनवण्याचे काम १९४५ च्या सुमारास लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले. त्या तुकडीचे प्रमुख होते यल्लाप्रगड सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले. मुंबईच्या बायांच्या रोगाचे औषध आपल्याच देशातल्या माणसाच्या देखरेखीखाली न्यूयॉर्कजवळ तयार झाले. १९४८ साली सुब्बाराव वारले. त्यांचे नाव आज किती शाळांत सांगतात, हे आपणच पाहा.

इथपर्यंत गोष्ट रक्ताची होती. पुढे ती गर्भाच्या घडणीची झाली. काही मुले पाठीचा कणा उघडा राहून जन्मतात. काहींच्या डोक्याची कवटीच मिटत नाही. आईला फॉलिक आम्ल दिले तर हे टळते काय, याची परीक्षा इंग्लंडच्या वैद्यक संशोधन मंडळाने सात देशांतल्या ३३ ठिकाणी, ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा १,८१७ बायकांवर केली. १९९१ साली निकाल आला. शंभरातली सुमारे ७२ दुखणी टळत होती. पण यात एक अट निघाली. गर्भाच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळीच्या हिशेबाने हा सहावा आठवडा. म्हणजे बाईला ‘दिवस गेले’ हे कळून ती कोणाला सांगते, तोवर ते काम संपलेले असते. गोळी किंवा पालेभाजी हवी ती त्याच्या आधीपासून.

मालमोटारीजवळ मला प्रश्न विचारणाऱ्या पोरीचा दीड महिना झाला होता. हे वाचले तेव्हा मी वहीत हिशेब मांडला आणि वही मिटवून ठेवली.

उपाशी आईच्या सुरुवातीच्या महिन्यांचे पुढे काय होते, हे कोणी मुद्दाम करून पाहू शकत नाही. युद्धाने ते करून दाखवले. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडच्या सुमारे ३०,००० रेल्वे कामगारांनी, आपल्या परागंदा सरकारच्या हाकेवरून, जर्मनांविरुद्ध संप केला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडचे धान्य अडवले. कडाक्याच्या हिवाळ्यात माणशी शिधा एक हजार उष्मांकांच्या खाली, आणि पुढे चार ते आठशेच्या दरम्यान आला. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. वीस हजारांच्या आसपास माणसे मेली. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि ताटे एकदम भरली. सरकारी दप्तरे शाबूत होती, त्यामुळे कोणत्या महिन्यात कोण पोटात होते हे नंतर काढता आले. शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेली मुले वजनाने हलकी जन्मली. हे अपेक्षितच होते. पहिल्या महिन्यांत उपासमार झालेली मुले मात्र जन्मली चांगल्या वजनाची. सुईणीने पाहून हुश्श म्हणावे अशी. पण १९७६ साली लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या तीन लाख तरुणांचा हिशेब निघाला आणि पुढे ती पिढी पन्नाशीला आली, तेव्हा लठ्ठपणा आणि हृदयाची दुखणी याच मुलांत जास्त दिसली. झाले ते जन्माच्या वेळी काट्यावर दिसत नव्हते.

मी हे वाचले आणि स्वतःकडे पाहिले. माझा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला. बाहत्तरच्या दुष्काळात माझी माय खडी फोडत होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती, त्यांतली ती एक. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. मिलो उष्ण, तिने पोट पडते, असे वस्तीतल्या म्हाताऱ्या सांगत. माय सांगायची, “भ्यायची बी चैन नव्हती रे. मिलो खाल्ली तर पोट पडंल, न खाल्ली तर मी पडंल.” ती खायची आणि खाताना पोटावर हात ठेवायची. मला आज रक्तदाबाची गोळी आहे, साखरही आहे. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. मिलोबद्दल माझ्या मनात मात्र राग नाही. तिच्यावरच आम्ही जगलो.

येथे एक गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्या समोर बायकांत बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच सांगतो. १९९७ च्या जानेवारीत माझ्या पत्नीचा तिसऱ्या महिन्यातला गर्भ पडला. आठवड्यापूर्वी संक्रांत झाली होती. घरात सर्वांनी ठरवले की हिने तिळगूळ खाल्ला म्हणून झाले. माझी माय, जिने मिलो खाऊन मला जन्म दिला, तीही तेच म्हणाली. मी चळवळीत होतो, सभांतून तर्काने विचार करा म्हणून सांगत होतो. घरात मी गप्प बसलो. पुढची तीन वर्षे आमच्या घरी संक्रांतीला पत्नी तिळाला शिवली नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांची चूक असते, ती गर्भ राहतानाच झालेली असते आणि आईच्या खाण्यापिण्याशी तिचा संबंध नसतो, हे मला यंदाच्या हिवाळ्यात वाचायला मिळाले. ते पान मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “बरं झालं. पण तुम्ही तवाच एवढं बोलला असता तर वाचायची गरज नव्हती.”

खाण्यापिण्याच्या यादीत आपल्या बायका एक जिन्नस कधी धरत नाहीत, तो म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावायला म्हणून सुरू होते. कष्टकरी बाईला पहिल्या महिन्यांत कोरड्या ओकाऱ्या येतात, तोंड आंबते, भूक मेलेली असते, आणि काम तर करायचेच. तेव्हा ती दिवसातून चार वेळा लावते. कोणी सासू तिला अडवीत नाही, कारण सासूच्याही डबीत तीच असते. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी होऊन २००४ साली तिचा निष्कर्ष छापला गेला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या आयांची मुले सरासरीने १०५ ग्रॅमने हलकी भरली. पपईच्या फोडीवर घरात रण माजते आणि मिश्रीची डबी कनवटीला राहते, याला काय म्हणावे!

मुंबईतच २००६ पासून आणखी एक मोठी परीक्षा झाली. डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडच्या कॅरोलिन फॉल यांच्या मार्गदर्शनाखाली झोपडपट्टीतल्या साडेसहा हजार बायकांना, दिवस जाण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ देण्यात आला. समोशासारखा, टिक्कीसारखा, चवीचा. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते. बाकीच्यांच्यात बटाटा-कांद्यासारख्या हलक्या भाज्या. २०१४ साली फळ जाहीर झाले. सरसकट पाहता वजनात फारसा फरक नव्हता. पण ज्यांनी दिवस जाण्यापूर्वी तीन महिने तरी चांगला खाऊ खाल्ला होता, त्यांची मुले सरासरी ४८ ग्रॅमने भरली. गरोदरपणातला मधुमेह शंभरात बारांवरून सातांवर आला. ल्यूसी विल्सना जे दिसले त्याच शहरात, ऐंशी वर्षांनी, उत्तर पुन्हा दूध आणि हिरव्या पाल्याशीच येऊन थांबले.

त्या पोरीला द्यायचे उत्तर मला असे जुळवता आले. फॉलिक आम्ल हरभऱ्यात भरपूर आहे, शेंगदाण्यात आहे, डाळीत आहे, करडईच्या आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यात आहे. भाजी फार उकळून पाणी फेकू नये, त्यात ते वाहून जाते. एक गोष्ट पाल्यात नाही, ते ब-१२ जीवनसत्त्व. ते दूध, दही, अंडी, मांस यांतच मिळते, आणि आपल्याकडे त्याची वाण फार असल्याचे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले आहे. चहा जेवणाबरोबर घेऊ नये, तासभराने घ्यावा. जेवणातले लोह तो अंगी लागू देत नाही. उलट्या होत असतील तर थोडे थोडे, वरचेवर खावे. कोरडे फुटाणे पुष्कळदा पोटात ठरतात. फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आशाताईंकडे पहिल्या तीन महिन्यांसाठी फुकट असते. लोहाची चौथ्या महिन्यापासून. आणि गोळी लग्नानंतर लगेच सुरू केली तर आणखी चांगले.

डिसेंबरात मी फडावर गेलो तेव्हा तिला हे सांगितले, फुटाण्यांची पिशवी दिली. टोळी गेल्या महिन्यात परत आली. परवा तिचे डोहाळजेवण झाले. डॉक्टरांच्या तपासणीत मूल नीट आहे. रक्त मात्र कमी भरले. देशात २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवती पांडुरोगी निघाल्या, त्यांत ती एक.

पुढच्या हंगामाच्या बोलण्यांसाठी आम्ही मुकादमांपुढे एक कलम ठेवले आहे. पोटुशी बाईला पहिले तीन महिने डोक्यावर मोळी नको, आणि तिने अंग टाकले तर त्या दिवसाचा खाडा धरून दंड नको. एका मुकादमाने विचारले, “दिवस गेल्याचं तर त्या सांगत नाहीत. मी यादीत नाव कसं लिहू?” प्रश्न अडवणुकीचा होता, पण खोटा नव्हता. मी बायकांच्या बैठकीत तो ठेवला. बराच वेळ त्या आपसात बोलल्या. मग एका वयस्क बाईने तोड काढली, की नाव विचारूच नका. प्रत्येक कोयत्यामागे पंधरवड्याला दोन किलो फुटाणे-शेंगदाणे द्या आणि ज्या घरात नवी सून आहे तिथली मोळी पुरुषांनी उचलावी. दिवस असोत की नसोत. मुकादमाने अजून हो म्हटलेले नाही. पुरुषांनीही म्हटलेले नाही. दसऱ्यापर्यंत वेळ आहे.